तेविसाव्या चालीनंतर

तिने राजापुढचं काळं प्यादं एकच घर सरकवलं, तसा समोरच्या मास्तरांचा चेहरा उतरला.

फ्रेंच बचाव. एकतीस वर्षांपूर्वी याच स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत तिचा दादा मास्तरांविरुद्ध हाच खेळला होता. डाव सोडून तो उठला आणि दुसऱ्या दिवशी कालव्यात सापडला. हार जिव्हारी लागली, म्हणून जीव दिला, असं सगळे म्हणाले. आई तोच सल घेऊन गेली.

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. चुका शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण दादाने लिहून ठेवलेल्या त्या डावात तिला कधी चूक सापडली नाही. तेवीस चाली, सगळ्या बिनतोड. त्याखाली त्याच्याच अक्षरात, घाईघाईने : ‘डाव सोडला.’

आज ती दादाच्याच चाली खेळत गेली. पाठीशी कुणीतरी उभं असल्यासारखी तिची मान जड झाली होती. मास्तरही जुनीच उत्तरं देत गेले. वाट बदलायची संधी दोनदा आली, त्यांनी घेतली नाही. चोविसावी चाल मात्र तिची स्वतःची होती. घोड्याने प्यादं मारलं आणि पुढच्या दहा चालींत पांढऱ्याची दाणादाण उडाली.

मास्तरांनी हार मानून राजा आडवा केला.

“तुझ्या दादाने त्या दिवशी मला हरवलंच होतं, बाई.”

“मग त्याने डाव का सोडला?”

“तुमच्या शेजारच्या काकू धावत आल्या. धाकटी तापाने फणफणलीय म्हणाल्या. त्याने घड्याळ थांबवलं. म्हणाला, मास्तर, डाव तुमचा, मी कालव्याच्या काठाने निघतो, जवळ पडतं. पाऊस पडून गेलेला, सगळं निसरडं…”

“आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प बसलात?”

“सांगितलं असतं, तर स्पर्धेची ढाल खरी त्याची ठरली असती, मला परत द्यावी लागली असती.”

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. घरात एकटीला करमेना, म्हणून तिनेच काकूंना दादाला बोलवायला पाठवलं होतं. दादा आलाच नाही, काकूही पुढे त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत, तेव्हा निरोप पोचला नसणार, असंच ती आजवर स्वतःला बजावत आली होती.

ताप तिला नव्हताच.