फोनवरचा डॉक्टर

केळुसकरकाकांना सेटवर भिंतीसमोर उभं करून फोटो काढला, तेव्हाच सगळ्यांना कळलं. मालिकेत असा एकट्याचा फोटो काढला, की त्याला हार चढणार हे ठरलेलं.

"अरे, निदान मरताना तरी दाखवा!" काका भडकले. "नाटकात सातशे वेळा विष पिऊन मेलोय, सिनेमात गोळ्या खाऊन. आणि इथे नुसता फोटो?"

"वेळ नाही काका, एपिसोड उद्याच जायचाय," दिग्दर्शक म्हणाला. "सुनेला हॉस्पिटलातून फोन येतो, बस्स."

आता फोनवर डॉक्टरचा आवाज कोण देणार? कुणीच मिळेना. काका म्हणाले, "मी देतो." च्यायला, स्वतःच्याच मरणाची बातमी! हातातला चहा सोडून सगळे ऐकायला आले.

काकांनी पडद्यामागून आवाज बदलला. "तुमचे सासरे गेले." वाक्य एवढंच होतं, पण ते थांबलेच नाहीत. "शेवटपर्यंत शुद्धीत होते. पाणी मागितलं, अर्धाच घोट प्यायले. मग खिडकीकडे बघून हसले."

सून झालेली पोरगी रडायचंच विसरली. "त्रास झाला का हो त्यांना?" तिनं विचारलं. हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

"नाही हो," काकांचा डॉक्टर म्हणाला. "सवय होती त्यांना."