मागच्या साहेबांचा नंबर
सासूबाईंच्या आजारपणापायी सुनेनं नोकरी सोडली, त्याला सहा वर्षं झाली. नव्या अर्जात ‘मागच्या साहेबांचा फोन’ या रकान्यात तिनं बेधडक सासूबाईंचाच नंबर ठोकून दिला. आज खरंच नव्या साहेबांचा फोन आला! साहेबाशी बोलायचं तर इंग्रजीच! सासूबाईंनी चष्मा चढवला, सुनेची मुलाखतीच्या शब्दांची वही ओढली आणि पहिलं पान खडाखडा वाचलं, “हार्डवर्किंग! पंक्च्युअल! सिन्सिअर!” स्वयंपाकघरात सुनेचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात स्पीकरवरून साहेबांनी विचारलं, “तिच्यात खोट काय?” सुनेच्या हातातला डाव थांबला. आता रोजच्या तक्रारींची यादी सुरू होणार! सासूबाईंनी पान उलटलं, बोट फिरवलं. “ओव्हरटाइम!” त्या म्हणाल्या. “रोज करते. सांगून ऐकत नाही.” फोन ठेवून त्यांनी हाक मारली, “कालच्या भाजीत मीठ जास्तच होतं हं! ते घरातलं, म्हणून साहेबाला नाही सांगितलं.”