आजचे दहा किलोमीटर

"हं, अजून!" प्रणालीनं स्वतःलाच दम भरला आणि क्रॉस ट्रेनरचे दांडे हिसक्यानं ओढले. या मशीनवर पाय पेडलवरच राहतात, टाच जमिनीवर आपटत नाही. म्हणून तर डॉक्टरांनी सांगितलं होतं, घोटा बरा होईस्तोवर धावायचं नाव काढू नको, दम टिकवायचा तो इथंच टिकव.

घोटा गेला अकोल्याच्या मैदानावर. शर्यतीत वळणावर शेजारून धावणाऱ्या पौर्णिमानं कोपर मारलं आणि प्रणाली आडवी झाली. वर ही बया हसत म्हणते, "चुकून लागलं वं." चुकून! आग लागो त्या चुकण्याला. विद्यापीठाच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती या दोघींपैकीच एकीला मिळणार होती. त्या हसण्यानं प्रणालीची झोप उडाली होती.

मशीनच्या पडद्यावर दहा किलोमीटर उमटले. प्रणालीनं नुसत्या आकड्याचा जवळून फोटो काढला आणि अमरावतीच्या धावणाऱ्या पोरींच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आजचे.' पहिल्या दिवशी पौर्णिमानं विचारलं होतं, 'घोटा सुधरला का वं?' प्रणालीनं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आकडा टाकला. मग तिकडून पौर्णिमाचेही फोटो येऊ लागले, बडनेरा रोडवरचे. हिनं दहा टाकले की तिचे बारा. हिनं बारा टाकले की तिचे पंधरा. प्रणाली फोन बघायची, गालात हसायची आणि पुन्हा पेडल हाणायची.

निवड चार दिवसांवर आली तेव्हा जिमचं दार उघडलं. पौर्णिमा लंगडत आत आली. नडगीच्या हाडाला चीर गेली होती. रोज डांबरावर एवढं धावल्यावर दुसरं काय होणार? तिलाही डॉक्टरांनी हेच मशीन सांगितलं होतं. तिनं प्रणालीकडे पाहिलं. मग पडद्यावरचा आकडा पाहिला. तिचा चेहरा उतरला.

"तू यावर करून राहिली होती? आन् मले वाटलं, रोडवर! मी मरमर धावली ना वं तुयापायी!"

प्रणाली सावकाश खाली उतरली. घोट्यावर सगळा भार देऊन उभी राहिली. कालच डॉक्टरांनी तिला धावायची परवानगी दिली होती. तिनं टॉवेलनं दांडे पुसले, बाजूला झाली आणि हसली.

"चुकून झालं वं."