हात थांबले की अर्ज पक्का

लोकांचे अर्ज लिहून देणारे बाबा प्रत्येक अर्ज आधी आईला वाचून दाखवायचे. ती मटार सोलत असायची. तिचे हात थांबले, की अर्ज पक्का. नाहीतर कागद टरकन फाडून नवा.

आज त्यांची लेक गल्लीतला दवाखाना वाचवायला समितीपुढे उभी होती. आकडे सांगून झाले, पण पालथ्या घड्यावर पाणी. सदस्य घड्याळं बघत होते. शेवटी ती म्हणाली, "एक आजी रोज बीपी तपासायला येतात. आजार काही नाही. दिवसभरात त्यांचा हात कुणी धरतं, ते तेवढंच."

"बरं, पुढचा विषय," अध्यक्ष म्हणाले. "लिहून घेतलंत ना?"

टिपणं घेणारे कारकून दचकले. पेन हवेतच होतं.

"नाही साहेब. ऐकत बसलो."

लेकीला एकदम मटारांचा वास आला.