लांबलेली जपमाळ

सायंकाळची जपमाळ संपली की धाकट्याने थोरल्यापुढे वाकून आशीर्वाद मागायचा, ही आम्हा वसईच्या ख्रिस्ती घरांची रीत मी केंब्रिजमध्येही मोडू दिलेली नाही. गेल्या वर्षी माझा नातू कास्मिर याच्या कॉलेजचा फुटबॉल संघ त्याच्या थोरल्या बहिणीच्या, जॉर्जिनाच्या, कॉलेजकडून हरला. जॉर्जिनाने डिवचले, आणि आशीर्वाद न मागताच गेलेला कास्मिर नाताळलाही फिरकला नाही. आज माझ्या हुकमाने आला, आणि यंदाच्या, आजच्याच सामन्यातही त्याचाच संघ हरला. जॉर्जिना संघाचा मफलर मिरवत प्रार्थनेला बसली. कास्मिर दाराकडे पाहत होता; जपमाळ संपताच मी आणखी एक प्रार्थना सुरू केली, मग आणखी एक. अखेर तोच म्हणाला, “आजी, इनफ! सगळे संत संपले.” तो बहिणीपुढे वाकला. तिने मफलर उतरवून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “गॉड ब्लेस यू, लूजर.” “नेक्स्ट इयर, जॉर्जी!” तेव्हा कुठे मी जपमाळ खाली ठेवली.