आधी पत्ता की आधी पत्र?

"आधी नोकरीचं पत्र दाखवा, मग खोली," असं म्हणून घरमालकीणबाईंनी किल्ली मुठीत आवळली. आईने हात जोडले आणि माझं डोकंच फिरलं. सकाळीच शिवणकारखान्यातल्या मॅनेजरबाईंनी आईची शिलाई वाखाणली होती आणि वर ऐकवलं होतं, "आधी या शहरातला पत्ता आणा, मग पत्र." आज खोली मिळाली नाही, तर उद्या परत मामाच्या दारात टोमणे ऐकत उभं राहायचं! "आम्ही काय चेंडू आहोत?" मी ओरडले. "गप्प बस," आई पुटपुटली. पण मी मॅनेजरबाईंना फोन लावला आणि सरळ मालकीणबाईंच्या हातात दिला. "आधी काय ते तुम्ही दोघीच ठरवा. आम्ही बसतो पायरीवर!" मालकीणबाई गांगरल्या, मग पलीकडचं ऐकून भडकल्या. "अहो, पत्ता नाही काय म्हणता? माझं घर काय हवेत आहे? घ्या लिहून, खोली नंबर चार!"