खांबावरची जुनी वेळ

या हो, जरा अलीकडे सरका. मृदंगाला अजून कणीक लागते आहे, बुवांचा चहाही व्हायचा आहे. तेवढ्यात मुकुटबनच्या दोन जावांची गोष्ट सांगून टाकतो.

शामच्या हातून कागद घेतला, तेव्हाच विमलताईंच्या मनात पाप आलं. शाम स्टेशनाजवळ चहा विकतो. गाड्यांच्या वेळा बदलल्या की तो नवं टाइमटेबल छापून आणतो; वर विठ्ठलाची तसबीर, खाली गाड्या. जानेवारीच्या एक तारखेपासून वणीची पॅसेंजर दहा वीसला नव्हती, नऊ पस्तीसला होती. आणि त्याच एक तारखेला वणीच्या एसडीओ ऑफिसात सुनावणी होती. एका बाजूला विमलताई, दुसऱ्या बाजूला त्यांची धाकटी जाऊ कुंदा.

दोघींचे धनी गेले आणि घराचे दोन भाग झाले. विहिरीचे वार वाटले. लिंबाची सावलीसुद्धा चुन्याची रेघ मारून वाटली. दोनच गोष्टी सामाईक उरल्या. एक देवघर, तिथली पोथी आठ दिवस थोरलीनं वाचायची, आठ दिवस धाकटीनं. दुसरा अंगणातला मधला खांब. त्यावर टाइमटेबल चिकटवायचं. शाम एका घराला एकच कागद देई, आणि त्याच्या लेखी हे घर अजून एकच होतं.

भांडण वाटेचं होतं. कुंदाच्या वावरात जायचं तर विमलताईंच्या तुरीतून, बांधाबांधानं जावं लागे. दोन वर्षांमागं कुंदाच्या लेकानं, सलीलनं, भाड्याचा ट्रॅक्टर नेला आणि तुरीची एक ओळ मोडली. विमलताईंनी बांधावर बोरीच्या काट्या टाकल्या. सलील पुण्याला नोकरीवर. त्यानं तिथूनच वकील लावला आणि आईच्या नावानं रस्त्याचा अर्ज टाकला. आता अर्जदारच तारखेला हजर नसली, तर अर्ज टिकायचा कसा?

विमलताईंनी नवा कागद खांबावर लावलाच नाही. जपायचं ते पोथीत ठेवायचं, ही सासूबाईंची शिस्त. सवयीनं हात तिकडेच गेला. नवव्या अध्यायात कागद दडवला, वर देवाला नमस्कारही केला.

एकतीस तारखेच्या संध्याकाळी कुंदा खांबापाशी येऊन उभी राहिली.

"उद्याची गाडी दहा वीसचीच हाय ना, जाऊबाई?"

"मले कायले इचारतं? खांब डोयापुढं हाय. वाचता येते ना तुले?"

"येते. पन खांबापरीस मानूस बरा सांगन, असं वाटलं."

"मानसाशी बोलाचं होतं त वकील कायले केला?"

कुंदा आत गेली. दार लावून घेतलं. विमलताई पायरीवर कितीतरी वेळ ताठ बसून होत्या.

सकाळी त्या नऊलाच मागच्या बोळानं निघाल्या. नऊ पस्तीसला गाडी आली. चढताना त्यांनी वळून पाहिलं. फलाटावर कुंदा नव्हती. डब्यात बसून त्यांनी जप सुरू केला, पण माळ पुढं सरकेना.

ऑफिसात शिपायानं कुंदाच्या नावाचा तीनदा पुकारा केला. कोणी उठलं नाही.

साहेब म्हणाले, "महिन्याभरानं पुढची तारीख. तेव्हाही अर्जदार आल्या नाहीत, तर अर्ज निकाली."

संध्याकाळच्या पॅसेंजरनं विमलताई घरी आल्या. अंगणात कुंदा तूर पाखडत होती. बाजूला फोन ठेवला होता आणि त्यातून सलील कडाडत होता.

"आई, एक गाडी पकडता येत नाही तुले?"

"खांबावर दहा वीस लिहून हाय, बापा. फोटो पाठवला न तुले. छापील हाय, कोनाच्या हातचं नाही."

विमलताईंनी हातपाय धुतले, नवा कागद चिकटवायला चुलीवर कणकेची खळ शिजवली आणि तो काढायला देवघरात गेल्या. पोथी उघडली. नवव्या अध्यायात कागद नव्हता. पानं उलटता उलटता तो सोळाव्यात सापडला. त्याच्या कडेला हळदीचं बोट उमटलं होतं.

पोथीची पाळी मागच्या सोमवारीच बदलली होती. कुंदा रोज तोच कागद खुणेला ठेवून पुढं पुढं वाचत गेली होती.

खळीची वाटी घेऊन विमलताई बाहेर आल्या.

"तुले ठाऊक होतं."

"हो."

"मंग गेली काहून नाही?"

कुंदानं सूप खाली ठेवलं. "तीस वर्षं त्या बांधावरून तुमच्या मागं मागं चालली मी. आता सायबाची ऑर्डर हातात धरून कशी चालू? लेकाले नाही म्हनता येत नाही. त गाडीच जाऊ देल्ली."

भांडताना बोलत तशाच खरखरीत आवाजात विमलताई म्हणाल्या, "सकाळी काट्या काढतो मी." आणि नवा कागद लावायला खांबाकडे वळल्या.

कुंदानं उठून त्यांचं मनगट धरलं.

"काट्या काढा. पन जुनाच कागद राहू द्या. अजून एक तारीख चुकवाची हाय. सलील पुन्यात राह्यते, त्याले इथच्या गाडीची शिटी आयकू येत नाही."

झालं, मृदंग लागला. पुढं कधी गाडी चुकून फलाटावर बसायची पाळी आली, तर मुकुटबनच्या कुंदाला घडीभर आठवा.